पडद्यामागचे मास्तर

शाळेच्या खुर्च्या आल्या त्या एका बंद पडलेल्या सिनेमागृहातून. वन्संनी भंगारवाल्याशी हुज्जत घालून त्या आणल्या होत्या. लाल रेक्झिनच्या, चार-चार एकत्र जोडलेल्या, आणि माणूस उठला की बैठक आपोआप खाडकन उभी होणाऱ्या. जिना अरुंद, खुर्च्या अवजड. वर चढवताना भिंतीचे पोपडे निघाले आणि वन्संच्या तोंडातून परक्या मुलुखात इतकी वर्षं जपून ठेवलेल्या अस्सल मराठी शिव्या.

सगळ्या मांडून झाल्यावर लक्षात आलं, मागच्या रांगेतली, खोलीच्या मधल्या पडद्याला लागून असलेली एक खुर्ची वर जातच नाही. स्प्रिंग गेली होती. बाकीच्या साऱ्या शहाण्यासारख्या उभ्या, आणि ती एकटी खाली. कुणीतरी बसल्यासारखी.

"हिला काढून टाकू या का?" मास्तरीण म्हणाली.

"काढणार कशी? चौघी जोडलेल्या आहेत, एकत्र कुटुंबासारख्या. एकीला बाहेर काढायचं म्हटलं तर चौघींचं मोडतं."

मास्तरीण हे काही तिचं नाव नव्हे आणि कामही नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याच्या या थोरल्या बहिणीनं थट्टेनं ठेवलेलं ते नाव. नवरा मास्तर, म्हणून ही मास्तरीण. तिचं शिक्षण जेमतेम, इंग्रजीचा आणि तिचा संबंध म्हणजे सांडशीनं पातेलं धरावं तसा, लांबून. पण मास्तरांना घरात इंग्रजी बोलायची खोड होती. जेवताना इंग्रजी, चष्मा शोधताना इंग्रजी, रुसले तर हमखास इंग्रजी. ऐकून ऐकून तिला सगळं कळायला लागलं होतं, आणि कुणी नसताना ती ओट्यापाशी पुटपुटायचीही. ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. 'मला कुठलं येतंय, त्यांचं आपलं ऐकते,' असं ती सगळ्यांना सांगायची आणि सांगता सांगता तिचाही त्यावर विश्वास बसला होता.

मास्तरांची एकच हौस, आपली स्वतःची इंग्रजीची शाळा. वन्सं नवऱ्यामागे या देशात आल्या होत्या. नवरा गेला, त्याच्या मागे कपडे बेतून, उसवून, दुरुस्त करून द्यायचं दुकान तेवढं राहिलं. इथल्या लोकांची भाषा तिसरीच. पण इंग्रजी सगळ्यांना हवी होती. कुणाला नोकरीसाठी, कुणाला दूर गेलेल्या मुलाबाळांसाठी. 'वरची खोली रिकामी आहे, ये,' असं वन्संनी भावाला सांगितलं, आणि मास्तर तयारीला लागले. धडे लिहिले, मग ते स्वतःच्या आवाजात कॅसेटवर भरले. पुढच्या खोलीत रस्त्याचा गोंगाट, म्हणून स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर टेपरेकॉर्डर ठेवून. ते बोलत असायचे तोवर मास्तरीण हातातला झारासुद्धा खाली ठेवायची नाही. श्वास धरून उभी. एक वाक्य म्हणायचे, मग थांबायचे, कारण त्या थांबण्यात शिकणाऱ्यानं तेच वाक्य म्हणायचं. धडा संपला की त्याच सुरात, तोंड न फिरवता, म्हणायचे, "झालं गं, चहा टाक." आणि मग बटण दाबायचे. "टाकते," असं ती म्हणायची, पण तोवर टेप बंद झालेली असायची. इतक्या कॅसेट भरल्या, तिचं एकही उत्तर त्यांत आलं नाही.

तिकिटं आली होती. बॅगा माळ्यावरून खाली निघाल्या होत्या. आणि मास्तर एका दुपारी दाढी करता करता, बसल्या जागी, अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून गेले.

दिवसकार्य झाल्यावर वन्संचा फोन आला. बराच वेळ दोघी नुसत्या रडल्या. मग वन्संनी नाक शिंकरलं आणि म्हणाल्या, "तू ये. कॅसेटी घेऊन ये. तो येणारच होता ना? मग येऊ दे त्याला."

ती आली. विमानतळावर साहेबानं बॅग उघडली, तर प्रत्येक साडीच्या घडीत कॅसेट. त्यानं खुणेनं विचारलं, हे काय आहे? मास्तरणीच्या तोंडून आपसूक गेलं, "माय हजबंड." साहेबानं तिच्याकडे एकदा पाहिलं, कॅसेटींकडे एकदा, आणि बॅग लावून दिली.

*

वरची खोली रिकामी म्हणजे वन्संच्या हिशेबानं रिकामी. दुरुस्तीला टाकून परत न्यायला कुणी आलंच नाही असे कोट, झगे, पाटलोणी तिथं दांडीवर लटकत होत्या. खिशांत डांबराच्या गोळ्या, खांद्यांवर धूळ.

"हे देऊन का टाकत नाही?"

"माणूस येतो कधीतरी," वन्सं म्हणाल्या. "आला आणि म्हणाला, माझा कोट? तर काय तोंड दाखवू?"

मग खोलीच्या मध्ये जाड हिरवा पडदा लावला. पडद्यामागे कोट, पुढे खुर्च्या. भिंतीवर काळा रंग देऊन फळा केला. खाली दुकानाच्या दारावर रंगाऱ्यानं पाटी रंगवली, 'मास्तरांची इंग्रजी शाळा', इथल्या भाषेत आणि खाली बारीक मराठीतही, कारण वन्संचा हट्ट. आणि अगदी शेवटी लक्षात आलं की खोलीतला एकुलता एक प्लग पडद्यामागे आहे. वायर तोकडी. झालं, टेपरेकॉर्डर पडद्यामागेच राहिला, कोटांच्या मधोमध, एका तिवईवर.

पहिल्या दिवशी माणसं आली ती जिन्यावर पाय न वाजवता. बेकरीवाली, अंगाला ताज्या पावाचा वास घेऊन. बसचा ड्रायव्हर. दोन नर्स. एक किल्लीवाला, कमरेला जुडगा, पांढऱ्या मिशा, हात तेलानं काळे. वन्संनी त्यांच्या भाषेत पाठ केल्यासारखं सांगितलं, "मास्तर शिकवतील. ते म्हणतील तसं म्हणायचं, जेवढं म्हणतील तेवढं. अर्थ मागून कळेल, आधी तोंडाला वळण. या बाई फक्त मशीन बघतील."

मास्तरीण पडद्यामागे गेली. बटणावर बोट ठेवलं. मास्तर धड्याआधी नेहमी घसा खाकरायचे, तसे आत्ताही खाकरले. मग तिच्या लक्षात आलं, बटण अजून दाबलेलं नाही.

ती तशीच उभी राहिली. समोर कोट होते. एकही हलत नव्हता. मग तिनं बटण दाबलं आणि पडद्यापलीकडच्या माणसांना मास्तर म्हणाले, "गुड इव्हनिंग."

"गुड इव्हनिंग," सारी खोली म्हणाली.

धडा छान झाला. माणसं जीव तोडून म्हणत होती. आणि धड्याच्या शेवटी मास्तर म्हणाले, "झालं गं, चहा टाक." थांबण्याची जागा नव्हती, पण माणसं आज्ञाधारक. सगळ्यांनी एका सुरात, एकही अक्षर न चुकवता म्हटलं,

"झालं गं, चहा टाक."

खाली वन्संचं शिवणाचं मशीन थांबलं. पडद्यामागे मास्तरणीच्या तोंडून गेलं, "टाकते."

आणि तिनं खरंच टाकला. सगळ्यांसाठी. तेव्हापासून धड्यानंतर चहा हा त्या शाळेचा नियमच झाला, आणि काम आटोपल्यावर इंग्रजीत असंच म्हणतात अशी त्या गावातल्या काही माणसांची पक्की समजूत. बेकरीवाली रोज दुकानाची फळी ओढताना गिऱ्हाइकांना म्हणायची, "झालं गं, चहा टाक." गिऱ्हाइकं मान डोलवून निघून जायची. बाई इंग्रजी शिकतेय, कौतुकाची गोष्ट.

दुसऱ्या आठवड्यात बेकरीवालीनं कागदात बांधून एक पाव मास्तरणीच्या हातात दिला. "मास्तरांसाठी. ते बाहेर येत नाहीत, तब्येत बरी नसते ना?"

वन्संनी तिला ते मराठीत सांगितलं. मग तिला एकेक उलगडत गेलं. आवाज पडद्यामागून येतो. ती आत जाते, काही पुटपुटते, ठक्क असं काही वाजतं, आणि मास्तर बोलू लागतात. मशीन म्हणजे लाउडस्पीकरबिकर असेल. मास्तर आत बसून शिकवतात, आणि चहा आतच घेतात. जाताना ड्रायव्हर पडद्याकडे बघून टोपी काढायचा, ते यासाठी. मागच्या रांगेतल्या त्या न उठणाऱ्या खुर्चीवर कुणी बसत नसे, तेही यासाठीच. मास्तर मधूनच बाहेर आले तर?

"सांगून टाक," त्या संध्याकाळी वन्सं म्हणाल्या.

"उद्या सांगते."

"पाव चांगला आहे पण," वन्सं म्हणाल्या, आणि दोघी हसल्या, आणि हसता हसता मास्तरणीला वाटलं, कुणीतरी आहे म्हणून कुणीतरी पाव पाठवतंय, हे किती दिवसांनी होतंय.

उद्याचा परवा झाला.

*

किल्लीवाल्याची गोष्ट निराळी. त्याची मुलगी लग्न होऊन इंग्रजी मुलुखात गेलेली. तिला एक लेक, या आजोबाची एकुलती नात, आणि त्या पोरीला आजोबाच्या भाषेचा शब्द येत नाही. आजोबाला तिच्या. दर रविवारी फोन. पोरगी काहीतरी बोलायची, हा ऐकायचा, आणि आपल्याला काही येत नाही म्हणून कमरेचा जुडगा काढून फोनशी खुळखुळवायचा. पोरगी खदखदून हसायची. पण पोरगी मोठी होत चालली. खुळखुळ्यावर किती दिवस भागणार?

म्हणून तो सगळ्यांपेक्षा जोरानं म्हणायचा. त्याचा आवाज मुळातच जाड, छातीतून येणारा. आणि एकदा काय झालं, मास्तरीण चहाच्या बशा पुसत होती, अजून कुणी आलं नव्हतं, आणि जिन्यावरून आवाज आला,

"गुड इव्हनिंग. इज... एनीबडी देअर?"

'इज'नंतर ती किंचित अडखळ. मास्तरांची एक दाढ काढलेली होती, तिथं ते श्वास घ्यायचे.

बशी फुटली. दारात किल्लीवाला उभा होता, ओशाळून. "चुकलं का काही, बाई?"

"नाही," ती म्हणाली. "परत म्हणा."

त्यानं परत म्हटलं.

तिनं त्याला लवकर यायला सांगितलं, बाकीच्यांच्या आधी. 'तुम्हाला नातीशी बोलायचंय, तुम्हाला जास्त सराव हवा.' तो कृतज्ञ. ती म्हणेल ते म्हणायचा. आणि ती म्हणायची ते कुठल्याच कॅसेटवर नव्हतं. 'व्हेअर हॅव यू केप्ट माय स्पेक्टॅकल्स?' 'डोन्ट वेट फॉर मी, यू ईट.' 'व्हाय आर यू सिटिंग इन द डार्क?' ती हळू आवाजात सांगायची, 'इथं जरा थांबा, इथं दमल्यासारखं म्हणा,' आणि तो म्हणायचा. ती पाठ फिरवून, डोळे मिटून ऐकायची. मग जो अवकाश राहायचा त्यात ती उत्तर द्यायची. खिडकीपाशी ठेवलाय. मी थांबते. अंधार कुठाय, आत्ता लावते दिवा. मराठीतच, ओठातल्या ओठात.

आणि तेवढा वेळ पडद्याजवळच्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असायचं. तिनं पाहिलं नाही. पाहायचीच नाही ती. तुम्ही ओट्यापाशी असताना मागे कुणी येऊन उभं राहिलं तर कळतं की नाही, तसं.

"बाई," एकदा किल्लीवाला भीत भीत म्हणाला, "माझा चष्मा मी स्वतःच ठेवतो. हे वाक्य नातीशी बोलताना कुठं लागेल?"

"लागेल. मास्तरांनी सांगितलंय."

खोटं ते एवढंच. आत्तापर्यंत ती नुसती गप्प राहिली होती. हे मात्र तिनं तोंड उघडून सांगितलं.

खाली वन्सं एका झग्याला दोरा मारत होत्या. तोंडात टाचण्या. वरून त्यांचा मेलेला भाऊ विचारत होता, माझा चष्मा कुठं ठेवलास. वन्संनी टाचण्या एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या, आणि जिना चढून आल्या. किल्लीवाला उठून उभा राहिला, त्याची खुर्ची खाडकन वाजली. वन्संनी त्याला काही म्हटलं नाही. तो खाली जाईपर्यंत दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"ही शाळा आहे का प्लँचेट?"

मास्तरीण बशा पुसू लागली.

"मी इथं रोज मुठीत जीव धरून बसते. धड्याचं सोड, धडा तो धडा. पण चष्मा? तो काय कॅसेटवर आहे? कुणाकडून वदवून घेतेस तू हे?"

"त्यांना सराव हवा होता."

"त्याला की तुला?"

"वन्सं, तुम्हीच म्हणालात, येऊ दे त्याला."

वन्सं खाली बसल्या. बसल्या त्या नेमक्या त्याच खुर्चीवर, मग दचकून उठल्या आणि दुसरीवर बसल्या. "म्हणाले होते मी," त्या म्हणाल्या. "पण तो मेलेला आला काय आणि नाही काय, तो बिचारा किल्लीवाला जिवंत आहे गं. त्याचं तोंड त्याला परत दे."

*

पुढच्या सोमवारी किल्लीवाला लवकर आला नाही. सगळ्यांबरोबर आला, आणि बसला नाही. खोलीच्या मधोमध उभा राहिला. टोपी हातात.

"मला मास्तरांना भेटायचंय," तो म्हणाला. आपल्या भाषेत.

"का?" मास्तरणीनं विचारलं. ही भाषा आता तिला बरीच समजायला लागली होती.

"काल नातीशी बोललो. पहिल्यांदाच इंग्रजीत. एकही चूक केली नाही, बाई. गुड इव्हनिंग म्हटलं. हाऊ आर यू म्हटलं. अंधारात का बसलीयस म्हटलं. पोरगी गप्प झाली. मग तिनं आईला हाक मारली. मुलगी मागून मला सांगत होती, पोरगी म्हणते, फोनवर कुणीतरी दुसरेच आहेत. आजोबांना द्या म्हणाली फोन." त्यानं कमरेच्या जुडग्याला हात लावला. "मी म्हटलं, मीच आहे. तर ती रडायला लागली. मी जुडगा वाजवला, तर जास्तच रडली. म्हणाली, तुम्ही आजोबांच्या किल्ल्या का घेतल्यात?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं.

"मास्तर इतके चांगले शिकवतात. त्यांनाच विचारतो, माझं कुठं चुकलं. दोन मिनिटं. आत येऊन विचारू का, की ते बाहेर येतात?"

खालून वन्सं जिन्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मास्तरणीनं त्यांच्याकडे पाहिलं. वन्संनी मान हलवली नाही, काही नाही. हे आता तुझं तू.

या माणसाला खरं सांगितलं तर काय जाईल, हे तिला लख्ख दिसत होतं. ही माणसं जातील. त्यांच्याबरोबर खुर्च्या, पाटी, रोज संध्याकाळचं ते गुड इव्हनिंग. मास्तर एकदा गेले होते तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. आता तिनंच त्यांना घालवायचं होतं, स्वतःच्या हातानं, चारचौघांत.

तिनं पडद्याची कड धरली आणि सर्रकन बाजूला ओढली.

कोट. झगे. पाटलोणी. तिवईवर टेपरेकॉर्डर, आणि कॅसेटींचा ढीग.

"मास्तर वारले," ती म्हणाली. "इथं यायच्या आधीच."

ड्रायव्हरनं टोपी काढली, मग पुन्हा घातली, मग पुन्हा काढली. नर्सांनी एकमेकींकडे पाहिलं.

"मग पाव?" बेकरीवालीनं विचारलं.

"आम्ही खाल्ला," वन्सं म्हणाल्या. "दोघींनी. फार छान असतो."

बेकरीवालीला हसावं की चिडावं कळेना. पण किल्लीवाला कोटांकडेच बघत होता. मग त्यानं विचारलं, "मग मी कुणासारखा बोलतोय?"

मास्तरणीनं नुसतं तिवईकडे बोट केलं, आणि मग ते बोट हळूच स्वतःच्या छातीवर ठेवलं. त्याला कळलं. तो टोपी घालून जिना उतरला. त्याच्या मागून एकेक करत सगळे. खुर्च्या खाड खाड उभ्या राहिल्या. एक सोडून.

त्या दिवशी चहा कुणी टाकला नाही.

*

आठवडाभर जिन्यावर पाय वाजला नाही. मास्तरीण वन्संच्या दुकानात बसून बटणं लावत होती. वर जात नव्हती. वरून मात्र मधूनमधून घसा खाकरल्याचा आवाज यायचा. वन्संना यायचा की नाही तिनं विचारलं नाही, पण तेवढ्यापुरतं त्यांचं मशीन थांबायचं, हे खरं.

रविवारी सकाळी तिनं चपला घातल्या.

किल्लीवाल्याचं दुकान म्हणजे एका गल्लीच्या तोंडाशी, दोन भिंतींच्या फटीत बसवल्यासारखी टपरी. रविवार असून उघडी होती. तो कानशीनं काहीतरी अगदी बारीक घासत होता. तिला पाहून थांबला नाही.

"आज फोन करायचा दिवस," ती म्हणाली.

"नाही करणार."

"तुम्हाला तिला काय सांगायचं होतं? खरंखुरं. मास्तरांचं जाऊ दे, माझंही जाऊ दे."

त्यानं कानस खाली ठेवली आणि तळहात पुढे केला. त्यावर एक इवलंसं पितळी कुलूप होतं, नखाएवढं, आणि त्याला साजेशी किल्ली. "तिच्याकडे एक लाकडी पेटी आहे. खेळण्यांची. तिच्यासाठी केलंय. हेच सांगायचंय. पण हे तुमच्या धड्यात कुठं येतं?"

"नाहीच येत," ती म्हणाली. "चला. आमच्या दुकानात फोन आहे."

रविवारचं बंद दुकान. अर्धवट शिवलेले झगे, कातरलेल्या चिंध्या, वन्सं कोपऱ्यात स्टुलावर. किल्लीवाल्यानं नंबर फिरवला. मुलीशी दोन शब्द बोलला, मग तिकडे फोन हातातून हातात गेला. त्याच्या कपाळावर घाम. त्यानं तोंड उघडलं आणि निघालं ते मास्तरांच्याच आवाजात, "गुड इव्..."

मास्तरणीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "नको. ते नको. तुमच्या घशातून. मोडकं चालेल."

तो थांबला. फोनमध्ये पोरीचा श्वास ऐकू येत होता. तो थांबला होता ती जागा मास्तरांनी सोडली तशीच होती, रिकामी, वाट बघणारी. आणि त्यात भरायला या वेळी कॅसेटवर काही नव्हतं. मास्तरणीनं त्याच्या कानाशी, आपल्या स्वतःच्या, ओट्यापाशी पुटपुटून शिकलेल्या इंग्रजीत शब्द ठेवले, एक एक करून. तो त्याच्या खरखरीत, कानशीसारख्या आवाजात म्हणाला,

"आय मेक लॉक. स्मॉल. फॉर यू. फॉर बॉक्स."

पलीकडून पोरगी बारीक आवाजात काहीतरी म्हणाली. किल्लीवाल्यानं घाबरून मास्तरणीकडे पाहिलं.

"विचारतेय, किल्ल्या दोन आहेत का?"

त्याचा चेहरा कसा झाला ते वन्सं पुढे किती दिवस सांगत होत्या. 'कुलूप उघडल्यासारखा' म्हणायच्या, आणि मग 'जाऊ दे, नीट सांगता येत नाही' म्हणायच्या. किल्ली खरं तर एकच केली होती त्यानं. पण त्यानं फोन दोन्ही हातांनी धरला आणि कुणी काही सांगायच्या आत, आपलं आपणच म्हणाला,

"यस. टू. वन यू. वन मी."

*

वन्संनी कोऱ्या कॅसेटी आणल्या. एकही शब्द न बोलता त्या टेपरेकॉर्डरपाशी ठेवल्या, आणि मास्तरांच्या कॅसेटींसाठी कुणाच्या तरी न नेलेल्या कोटाच्या अस्तराची एक पिशवी शिवली, नाडीची.

"कोट फाडलात? तो आला आणि म्हणाला, माझा कोट?"

"तर सांगेन, अस्तर माझ्या भावाला लागलं," वन्सं म्हणाल्या आणि दात लावून दोरा तोडला.

मास्तरीण वर गेली. पडदा ओढलेलाच होता, उघडा. तिनं तिवईवरच्या टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घातली, बटण दाबलं, आणि स्वतःच्या आवाजात पहिला धडा भरायला घेतला. आवाज सुरुवातीला कापला. तिचं इंग्रजी मास्तरांसारखं गुळगुळीत नव्हतं. जागोजागी थांबे होते, पण ते तिचे होते. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात एक थांबा घेताना तिला वाटलं, तिच्या मागे कुणीतरी हातातली वस्तू खाली न ठेवता, श्वास धरून उभं आहे. तिनं वळून पाहिलं नाही. धडा पुरा केला. आणि शेवटी, मान न वळवता, त्याच सुरात, तिच्या तोंडून गेलं,

"झालं हो वन्सं, चहा टाका."

बोट बटणाकडे गेलं. दाबलं मात्र नाही. टेप फिरत राहिली.

"टाकलाय कधीच!" खालून वन्सं ओरडल्या. "थंड होतोय!"

तेही टेपवर आलं. तिनं पुसलं नाही.

माणसं परत आली. सगळी नाही, एक नर्स आली नाही. बेकरीवाली आली, पाव घेऊन, या वेळी सरळ वन्संच्या हातात. किल्लीवाला पुढच्या रांगेत बसला. येताना पाना घेऊन आला होता. त्यानं ती मागची खुर्ची दुरुस्त केली, नवी स्प्रिंग घातली. बैठक खाडकन वर गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खाली होती. त्यानं परत घट्ट केली. परत खाली. मग त्यानं हात टेकले. "स्प्रिंग ठीक आहे, बाई," एवढंच म्हणाला.

नव्या कॅसेटीवरचा पहिला धडा लावला तेव्हा मास्तरीण सगळ्यांसमोर उभी होती, आपलाच आवाज ऐकत, लाजेनं अर्धी झालेली. माणसं तिच्यामागून म्हणत गेली. शेवटी टेपमधली ती म्हणाली, "झालं हो वन्सं, चहा टाका," आणि टेपमधल्या वन्सं म्हणाल्या, "टाकलाय कधीच!" सगळ्यांनी आज्ञाधारकपणे म्हटलं. 'थंड होतोय' हेसुद्धा. खाली वन्सं मोठ्यानं हसल्या.

मग खोली क्षणभर शांत झाली, थांबायला जागा ठेवल्यासारखी. आणि मागच्या रांगेतून, सगळ्यांच्या जरा उशिरा, कुणीतरी जुनंच म्हणालं.

"झालं गं, चहा टाक."

तिनं किल्लीवाल्याकडे पाहिलं. तो समोर बसला होता, तोंड मिटून, आणि तिच्याकडेच बघत होता. बेकरीवाली रुमालानं कपाळ पुसत होती. कुणाला काही ऐकू आलेलं दिसत नव्हतं.

टेप अजून फिरत होती. बटण कुणी दाबलं नव्हतं.

"टाकते," मास्तरीण म्हणाली, आणि जिना उतरून खाली गेली.